पावसाळ्यात घोड्याची गामची कोरडी ठेवताना

आषाढी एकादशीनंतर लग्नं थांबली की वरातीच्या घोड्या दावणीला लागतात. तुळशीच्या लग्नापर्यंत त्यांना फारसं काम नसतं. तापीकाठच्या आमच्या भागात घोड्याच्या पायाच्या कातडीची दुखणी नेमकी याच चार महिन्यांत निघतात. रोज चिखलातून ये-जा करणाऱ्या घोड्यापेक्षा ती तबेल्यात उभ्या असलेल्या घोडीला जास्त होतात, असाच आमच्याकडचा अनुभव आहे. उभ्या घोड्याचे पाय सुजतात, कारण खालच्या पायातलं पाणी वर चढवायला चाल लागते. सुजलेली कातडी ताणली जाते. पायाखाली मूत आणि लीद साचते. मागच्या पायांना बांधलेली पिछाडीची दोरी घासते. त्यात लग्नासाठी मागणी असते ती पंचकल्याणी घोडीला, म्हणजे चारही पाय पांढरे आणि कपाळावर पट्टा. पांढऱ्या केसांखालची कातडी गुलाबी असते, आणि ती काळ्या कातडीपेक्षा लवकर बिघडते. ज्या घोडीला सगळ्यात जास्त भाव, तिचेच पाय सगळ्यात जास्त जपावे लागतात.

यातलं नेहमीचं दुखणं चिखल्या, म्हणजे ओलीने पायाच्या कातडीला खपल्या आणि भेगा पडणं. ते सुरू होतं गामचीत, म्हणजे खूर आणि त्याच्या वरचा सांधा यांच्यामधल्या जागेत. त्यातही मागच्या बाजूला, टाचेच्या गोळ्यांवर जी खोबण असते, तिथे आधी. घोडं पाऊल टाकतं तसतशी ती खोबण मिटते आणि उघडते, आणि मिटलेली असताना आत पाणी धरून ठेवते. समोरून पाहिलं तर पाय चांगला दिसतो. म्हणून आम्ही पाय डोळ्यांनी तपासत नाही, हाताने तपासतो. रोज संध्याकाळी पाय उचलायचा आणि कोरड्या बोटांनी त्या खोबणीतून केसांच्या उलट दिशेने हात फिरवायचा. बोटाला तांदळाच्या कणीएवढा खडा लागला, जागा शेजारच्या कातडीपेक्षा गरम लागली किंवा घोडीने पाय झटकला, की समजायचं, सुरुवात झाली. या टप्प्यावर सापडलं तर काम आठवड्याचं. भेगा पडून लस गळायला लागल्यावर सापडलं तर महिना जातो.

खपली धरवणारा जिवाणू बहुतेक वेळा डर्मॅटोफिलस कॉन्गोलेन्सिस नावाचा असतो. जोडीला स्टॅफिलोकोकस येतो, कधी तोच एकटा असतो. डर्मॅटोफिलसची रीत समजून घेतली तर उपचार आपोआप समजतो. वाळलेल्या खपलीत तो महिनोन्महिने निपचित पडून राहतो. ओल मिळाली की त्याचे पोहणारे बीजाणू बाहेर पडतात. पण धडधाकट कातडीतून त्यांना आत शिरता येत नाही. त्यासाठी कातडी भिजून फुगलेली हवी किंवा कुठेतरी खरचटलेली हवी. ओल आणि बिघडलेली कातडी या दोन्ही गोष्टी एकाच जागी आल्या की मगच रोग होतो. दोन्हींपैकी एक जरी रोखली तरी बरंचसं काम होतं. आमची सगळी मेहनत त्या दोनच गोष्टींवर असते, आणि औषधाचा नंबर त्यानंतर लागतो.

जमिनीची तयारी मृगाच्या आधी करावी लागते. आपली काळी जमीन पाणी धरते, फुगते आणि पायाला चिकटते. खुराच्या कडेला बसलेला गारा आतून दिवसभर ओला राहतो. म्हणून तबेल्यात काळ्या मातीची जमीन ठेवायचीच नाही. वरची माती काढून सहा इंच मुरूम भरायचा, पाणी मारून धुम्मसने ठोकायचा आणि मागच्या बाजूला उतार द्यायचा. दहा फुटांच्या लांबीला दोन इंच उतार पुरतो. त्याहून जास्त दिला तर घोडं कायम एका बाजूला भार देऊन उभं राहतं. उताराच्या टोकाला वीतभर रुंद नाली काढून ती तबेल्याबाहेर न्यायची. मुरमावर तीन-चार इंच नदीची जाड वाळू टाकली तर मूत खाली निथळतं. मात्र वाळूवर चारा टाकायचा नाही. घोडं चाऱ्याबरोबर वाळू गिळतं आणि पोटात कळ येते. कडबा गव्हाणीतच द्यायचा. अंथरायला आरागिरणीतला लाकडाचा कोरडा भुसा चांगला. ओला झालेला भाग दिवसातून दोनदा उचलायचा, वरून नवा टाकून झाकायचा नाही. खाली दबलेल्या ओल्या थरात मुताचा अमोनिया तयार होतो, आणि तो टाचेची कातडी मऊ करतो.

ओल शोषून घ्यायला तबेल्यात चुना मारायची पद्धत आहे. कळीचा चुना ओल्या कातडीला लागला की भाजतो. असे भाजलेले पाय पाहिले तर ते चिखल्या झाल्यासारखेच दिसतात आणि उपचार भलताच सुरू होतो. चुना मारायचाच असेल तर घोडी बाहेर बांधून, जमीन खरवडून मारावा, दोन दिवस सुकू द्यावा, मग झाडून काढावा आणि त्यावर भुसा टाकावा. फिनाईलचंही तेच. नालीत ओतायला ठीक, घोडं उभं राहतं त्या जागेवर नाही.

दोरीकडे लोक सगळ्यात कमी लक्ष देतात. नायलॉनची दोरी स्वस्त, टिकाऊ आणि पाण्याने कुजत नाही, म्हणून सगळीकडे तीच. पण ती ओल्या कातडीवर करवतीसारखी चालते, आणि तिची गाठ नेमकी गामचीवर येते. पिछाडी बांधायचीच असेल तर दोन इंच रुंद सुती नवारीचा पट्टा, आतून नमद्याचा, म्हणजे दाबलेल्या लोकरीच्या जाड कापडाचा, तुकडा शिवलेला, आणि दोन बोटं सहज जातील इतका सैल. असे दोन जोड ठेवावेत. एक पायात, एक वाळत. भिजलेला पट्टा पायात राहिला तर दोरीपेक्षा वाईट, कारण तो ओल धरून बसतो. चारायला सोडताना घालतात त्या पायबंदालाही हाच नियम. खरं म्हणजे शांत घोडीला पिछाडी लागतच नाही. गळ्याच्या दाव्यावर आणि आडव्या बांबूवर भागत असेल, तर पावसाळाभर मागचे पाय मोकळे ठेवावेत.

पावसाळ्याच्या तोंडावर केस छाटायचे की नाहीत, यावर दोन मतं आहेत. काठियावाडी आणि मारवाडी घोड्यांच्या पायांना विलायती जड घोड्यांसारखी झालर नसते, टाचेमागे थोडा झुबका असतो. तो झुबका पावसाचं पाणी टाचेवरून ओघळून खाली पडायला मदत करतो. निरोगी पायाचा झुबका आम्ही ठेवतो, फक्त बोटभर लांबीचा करतो. कातडीपर्यंत भादरलेल्या पायाला खुंट टोचतात आणि चिखल सरळ कातडीला लागतो. दुखणं सुरू झाल्यावर मात्र त्या जागेचे केस काढावेच लागतात. केस ठेवून केलेला उपचार वाया जातो, कारण औषध केसांवरच राहतं आणि ओल खाली तशीच.

रोजच्या निगेत नळी लावून पाय धुण्याची सवय मोडावी लागते. बाहेरून आलेल्या घोडीचे पाय चिखलाने भरलेले पाहिले की मोतद्दार, म्हणजे घोड्याची निगा ठेवणारा माणूस, पहिल्यांदा पाणी मारतो. वैशाखात, भुसावळ-जळगावकडे पारा 45 अंशांच्या आसपास असताना, धुतलेला पाय बघता बघता वाळतो, तेव्हा हे चालून जातं. श्रावणात तोच पाय रात्रभर ओला राहतो. शिवाय पाण्याच्या जोराने चिखलातली बारीक रेती कातडीत घासली जाते. चिखल वाळू द्यायचा आणि मऊ ब्रशने केसांच्या दिशेने झाडून काढायचा, हे पावसाळ्यातलं बरोबर काम. अंगावर चालतो तो लोखंडी खरारा गामचीवर कधीच वापरायचा नाही. धुणं टाळता येत नसेल, म्हणजे लीद किंवा गटाराचं पाणी लागलं असेल, तर एकदा साध्या पाण्याने धुवून लगेच कोरडं करायचं. कोरडं करणं जमणार नसेल त्या दिवशी धुऊ नये.

चारायला सोडण्याच्या शेताकडेही बघावं लागतं. बाजरी, ज्वारी किंवा तूर काढलेल्या रानात धसकटं उभी असतात. त्यावरून चालताना टाचेवर बारीक ओरखडे उठतात, दिसत नाहीत, पण जिवाणूला तेवढं पुरतं. गाजरगवत दाट माजलेल्या बांधावर घोडी बांधू नये. त्याच्या रसाने कातडीची आग होते.

आता उपचार कसा करतो ते. समजा घोडीच्या मागच्या डाव्या पांढऱ्या पायाला, टाचेच्या खोबणीत, हरभऱ्याएवढ्या खपल्यांचा पुंजका झाला आहे, पाय थोडा सुजला आहे, घोडी लंगडत नाही, ताप नाही. ताप बघायलाच लागतो. गुदद्वारात थर्मामीटर धरून, विश्रांतीच्या वेळी, निरोगी घोड्याचं तापमान 37.5 ते 38.5 सेल्सिअस, म्हणजे साधारण 99.5 ते 101.3 फॅरेनहाइट असतं. त्याच्या वर गेलं तर पुढचं घरचं काम थांबवून डॉक्टरांना बोलवायचं.

वेळ सकाळी नऊ-दहाची धरायची, म्हणजे दिवसभर पाय वाळायला मिळतो. घोडी सिमेंटच्या किंवा फरशीच्या कोरड्या जागेवर उभी करायची. एक माणूस डोक्याशी. मागच्या पायाचं काम असेल तर त्याने गरज पडल्यास त्याच बाजूचा पुढचा पाय उचलून धरायचा. काम करणाऱ्याने बाजूला, मांडीला खेटून उभं राहायचं, वाकायचं पण खाली बसायचं नाही. दुखऱ्या पायाची गरीब घोडीही लाथ मारते. फारच दुखत असेल तर ओढाताण न करता डॉक्टरांकडून भुलीचं हलकं इंजेक्शन द्यावं. हातात रबरी मोजे हवेतच. डर्मॅटोफिलस माणसालाही लागू शकतो, गजकर्ण तर सहज लागतं.

पहिल्यांदा बोथट टोकाच्या वाकड्या कात्रीने खपल्यांच्या भोवती दोन बोटं रुंद जागेचे केस कापायचे. वस्तरा लावायचा नाही. मग बादलीभर कोमट पाणी, हाताचं कोपर बुडवून सोसेल इतकंच. त्यात सुती फडकं भिजवून, पिळून, खपल्यांवर पंधरा-वीस मिनिटं धरायचं. गार होईल तसं पुन्हा भिजवायचं. काही जण मलम थापून वर प्लास्टिक गुंडाळतात आणि रात्रभर ठेवतात. थंड मुलखात ते चालत असेल, आपल्या दमट उकाड्यात प्लास्टिकखाली कातडी सकाळपर्यंत पांढरी फटक होऊन सोलते. फडकंच बरं.

खपल्या मऊ झाल्या की 2 टक्के क्लोरहेक्सिडिनचा शाम्पू घ्यायचा. तो पशुऔषधांच्या दुकानात मिळतो, कुत्र्यांसाठी म्हणून ठेवलेला असतो. बोटांनी फेस करून पसरायचा आणि घड्याळ लावून दहा मिनिटं तसाच ठेवायचा. औषधाला जिवाणूपाशी तेवढा वेळ लागतो. दोन मिनिटांत धुतलं तर नुसता साबण लावल्यासारखं झालं. याच्या आधी किंवा नंतर अंगाचा किंवा कपड्यांचा साबण लावायचा नाही. साबणाने क्लोरहेक्सिडिन निकामी होतं. शाम्पू मिळाला नाही तर पोविडोन आयोडीन चालतं, पण पाणी घालून 1 टक्क्यावर आणून. बाटलीवर 5 टक्के लिहिलं असेल तर एका भागाला चार भाग पाणी, 10 टक्के असेल तर एकाला नऊ. बाटलीतलं तसंच ओतलं तर रोज रोज लागून कातडी कोरडी होऊन तडकते. दोन्ही औषधं एकाच वेळी वापरायची नाहीत.

फेस असतानाच खपल्यांवरून बोटाचं पेर हलकं फिरवायचं. तयार खपली आपोआप सरकते. ती हातात घेऊन उलटी करून बघावी. वरून राखाडी, कडक. खालून खोलगट, ओलसर, पिवळसर लस लागलेली, आणि तिच्यातून केसांचा झुबका मुळासकट आरपार आलेला, रंगाच्या ब्रशसारखा. ती जिथून सुटली तिथली कातडी गुलाबी, चमकती आणि दवासारखी ओली दिसते. असं दिसलं तर डर्मॅटोफिलसची शंका पक्की धरायला हरकत नाही. जी खपली सरकत नाही ती त्या दिवशी राहू द्यायची. नखाने उपटली तर रक्त येतं, नवी जखम होते, आणि पुढच्या वेळी घोडी पायाला हातसुद्धा लावू देत नाही. निघालेल्या खपल्या जमिनीवर पडू द्यायच्या नाहीत. कागदावर गोळा करून जाळायच्या, कारण पुढच्या पावसाळ्याचं बी त्यांच्यातच असतं.

नंतर दोन बादल्या स्वच्छ पाण्याने फेस पूर्ण काढायचा. टाचेच्या खोबणीत राहिलेला शाम्पू स्वतःच खाज उठवतो. आणि मग खरं काम सुरू होतं, ते म्हणजे वाळवणं. पंचाने टिपायचं, चोळायचं नाही. एक पंचा पुरत नाही. तीन लागतात, आणि प्रत्येक पायाला वेगळे. टिपून झालं की टेबलावरचा पंखा जमिनीवर ठेवून पायावर सोडायचा, किंवा केस वाळवायचं यंत्र थंड हवेवर लावायचं. वायर घोडीच्या पायाखाली येणार नाही असं बघायचं. अर्धा-पाऊण तास लागतो. तपासायला पातळ कागदी रुमालाचा तुकडा खोबणीत दाबायचा. तो जसाचा तसा कोरडा निघाला तरच पाय वाळला. हे करताना कंटाळा येतो, आणि बहुतेक ठिकाणी उपचार इथेच फसतो. बाकी सगळं नीट करून ओल्या पायावर मलम लावलं जातं, आणि मलमाखाली ओल कोंडली जाते.

कोरड्या जागेवर 1 टक्का सिल्व्हर सल्फाडायझिनची पांढरी मलई, भाजल्यावर माणसांना लावतात तीच, पातळ लावायची. थापायची नाही. पट्टी बांधायची नाही. घोडीला कोरड्या भुशावर उभी करायची. दुसऱ्या दिवशी पुन्हा धुणं, राहिलेल्या खपल्या बघणं आणि वाळवणं. त्यानंतर धुणं दर तिसऱ्या दिवशी. मधल्या दिवसांत फक्त कोरड्या फडक्याने टिपून मलई. सात ते दहा दिवसांत नवी खपली धरणं थांबलं पाहिजे, सूज उतरली पाहिजे, गुलाबी कातडी फिकी आणि कोरडी दिसली पाहिजे. केस यायला तीन-चार आठवडे लागतात. रोज सकाळ-संध्याकाळ वीस-तीस मिनिटं कोरड्या डांबरी रस्त्यावर हाताने चालवायचं. सूज उतरायला चालण्यासारखा उपाय नाही. पण घोडी लंगडत असेल किंवा तापली असेल तेव्हा चालवायचं नाही.

आठवड्यात फरक नसेल तर तेच औषध पुढे रेटायचं नाही. एक ताजी खपली कागदी पाकिटात घालून पशुवैद्यकीय दवाखान्यात द्यायची. प्लास्टिकच्या पिशवीत नको, तिच्यात घाम धरून बुरशी चढते. डॉक्टर तिचा लेप काचेवर घेऊन, रंग देऊन सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. डर्मॅटोफिलस असेल तर गोल जिवाणूंच्या समांतर ओळी दिसतात, रुळांसारख्या शेजारी-शेजारी. तसं नसेल तर गजकर्ण, खरजेचे किडे किंवा दुसरा जिवाणू शोधावा लागतो. इंजेक्शनची गरज आहे का, कोणतं आणि किती दिवस, हे डॉक्टरांनी ठरवायचं. गावात पेनिसिलीनची एक-दोन इंजेक्शनं देऊन थांबतात, त्याने जिवाणू पुरता मरेल याची खात्री नसते, उलट तो निर्ढावण्याचा धोका असतो. तालुक्याला पशुधन विकास अधिकारी असतात, आणि 1962 या नंबरावर फिरत्या पथकासाठी फोन करता येतो.

गावठी उपायांपैकी काही निरुपद्रवी आहेत. कडुलिंबाच्या पाल्याचं निवलेलं पाणी धुवायला वापरलं तर बिघडत नाही, वाळवलं म्हणजे झालं. निंबोळीचं तेल जखमेच्या आजूबाजूला, जखमेवर नाही, लावलं तर माश्या कमी बसतात. पण काही उपाय बंदच झाले पाहिजेत. ट्रॅक्टरचं जळकं ऑइल सगळ्यात आधी. त्यात इंजिनाच्या झिजेचे धातू आणि जळलेली रसायनं असतात, कातडी भाजते आणि ओल आत कोंडते. मोरचूद हा जाळणारा क्षार आहे. मांस वाढलं तर डॉक्टर तो मोजून वापरतात, खपलीवर चोळायची ती चीज नाही. हायड्रोजन पेरॉक्साइड फसफसतं म्हणून बरं वाटतं, पण भरून येणाऱ्या कोवळ्या पेशी मारतं. आणि माणसांच्या गजकर्णासाठी मेडिकलमध्ये मिळणारी तीन-चार औषधांची मिश्र मलमं घोड्याला लावू नयेत. त्यात स्टेरॉइड असतं. दोन दिवस लाली जाते, मग जिवाणू आणि बुरशी मोकाट सुटतात. घोड्यात स्टेरॉइडचं अति झालं तर खुराच्या आतल्या पापुद्र्यांची सूज येण्याचा धोका असतो, आणि ती आली तर घोडं कायमचं बसू शकतं.

झिंक ऑक्साइडचं मलम आम्ही वापरतो, पण बऱ्या पायाला. चिखलातून जायचं असेल त्या सकाळी, स्वच्छ आणि कोरड्या गामचीवर पातळ थर. परत आल्यावर कोरड्या फडक्याने पुसून काढायचं. रोज नवा थर जुन्यावर चढवला तर खाली काय चाललंय ते कळत नाही. पांढऱ्या पायांना त्याचा दुसरा उपयोग उन्हासाठी होतो.

उन्हाचं सांगायलाच हवं, कारण श्रावणातल्या उघडिपीत ते दिसतं. फक्त पांढऱ्या जागेची कातडी लाल होते, सुजते, मग जाड पापुद्रा सुटतो. शेजारची काळी कातडी मात्र ठणठणीत असते. दोन्हींची सीमा इतकी स्पष्ट असते की बोटाने रेघ काढता येईल. चारही पांढरे पाय आणि कपाळाचा पट्टाही असाच झाला असेल, तर हा जिवाणूचा मामला नाही. कातडी उन्हाला नाजूक झाली आहे, आणि कधी कधी त्यामागे यकृत बिघडलेलं असतं. चाऱ्यातलं तण बघावं, रक्त तपासावं, घोडी दिवसा सावलीत बांधावी. हिरवळीच्या खतासाठी केळीच्या रानात पेरलेला ताग कापून घोड्याला टाकू नये. ताग आणि खुळखुळा यांच्या कुळात, विशेषतः बियांमध्ये, यकृत किंवा फुप्फुस नासवणारी विषं असतात. गायीला काय चालतं त्यावरून घोड्याचा चारा ठरवू नये.

दुसरं वेगळं ओळखायचं दुखणं म्हणजे बरसाती. जखमेवर माश्या बसतात आणि हॅब्रोनेमा जंताच्या अळ्या सोडतात. जखम भरायच्या ऐवजी लाल, खडबडीत मांस वर येतं, खाज सुटते, आणि आत पिवळे कडक कण मिळतात. तसेच, पण मोठे, पोवळ्यासारखे वेडेवाकडे खडे साचलेल्या पाण्यात उभ्या राहणाऱ्या जनावराच्या जखमेत मिळाले, तर पिथियम या बुरशीसारख्या जंतूची शंका येते. ते दुखणं फार वेगाने वाढतं आणि बहुतेक वेळा लवकर शस्त्रक्रिया करावी लागते. दोन्हींना शाम्पू-मलईने काही होत नाही. कण दिसले की दवाखाना. जंताच्या औषधाचा डोस वजनावर असतो, अंदाजाने द्यायचा नाही.

सगळ्यात गंभीर शंका ग्लँडर्सची. मागच्या पायाच्या आतल्या बाजूने, लसिकेच्या वाहिनीवर, मण्यांच्या माळेसारख्या गाठी उठतात, फुटतात आणि मधासारखा चिकट पू येतो. नाकातून घट्ट शेंबूड, खोकला किंवा ताप सोबत असेल किंवा नसेलही. हा रोग माणसाला होतो आणि जीव घेऊ शकतो. त्यावर प्रतिबंधक लस नाही. 2009 च्या जनावरांच्या सांसर्गिक रोगांच्या केंद्रीय कायद्यात तो कळवणं बंधनकारक असलेला रोग आहे. घोडं वेगळं बांधायचं, पाणी-बादली वेगळी, उघड्या हाताने जखमेला शिवायचं नाही, आणि लगेच सरकारी दवाखान्यात कळवायचं. रक्ताची पक्की तपासणी हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्राकडे होते. लपवलं तर घरातली माणसं आणि गावातली बाकी घोडी धोक्यात येतात.

यांच्या तुलनेत पाय आपटणं, दाराला घासणं, रात्री स्वतःच्या पायाला चावा घेणं ही लक्षणं साधी. ती खरजेच्या किड्यांची असू शकतात. हे किडे कातडीच्या वरच्या थरावर जगतात, म्हणून नुसतं पोटात दिलेलं जंताचं औषध त्यांच्यावर पुरेसं चालत नाही, वरून फवारा लागतो. तबेल्यातल्या सगळ्या घोड्यांना एकदम उपचार करावा लागतो आणि भुसा पूर्ण बदलावा लागतो.

कोणतीही जखम असो, धनुर्वाताची लस चालू आहे का ते बघायचं. घोडं धनुर्वाताला फार हळवं असतं. लस वर्षाला एकदा, आणि वर्ष उलटून गेलं असेल तर जखम झाल्या दिवशीच डॉक्टरांना विचारायचं. पाय एका रात्रीत गुडघ्यापर्यंत किंवा त्याच्याही वर खांबासारखा सुजला, हात लावू देत नाही, ताप आहे, तर तो कातडीखालचा पसरलेला संसर्ग असतो. त्याला एक रात्रही थांबायचं नाही.

कार्तिकात काम पुन्हा सुरू होतं तेव्हा एक धोका शिल्लक असतो. नाचणाऱ्या घोडीच्या पायात बांधतात त्या चाळाचा. चामड्याचा पट्टा, त्यावर पितळी घुंगरू, आणि बँडपुढे तासन्‌तास टापा. नवी, केस नुकते आलेली कातडी तिथेच पुन्हा सोलते. चाळ गामचीवर न बांधता वर, सांध्याच्या वरच्या नळीवर बांधावा, आतून सुती कापडाची पट्टी द्यावी, आणि वरात दारात पोचली की लगेच सोडावा. चामडं पुसून सावलीत वाळवावं. एका घोडीचा चाळ दुसरीला घालायचा नाही.

त्याच सुमारास, दत्तजयंतीला, सारंगखेड्याचा घोडेबाजार भरतो, आणि तिथून नवं जनावर घरी येतं. विकत घेताना दात आणि चाल सगळे बघतात. चारही पाय उचलून टाचेच्या खोबणीत बोट फिरवणारे थोडे असतात. पांढऱ्या पायांना हळद, तेल किंवा मेंदी लावलेली असेल तर ती पुसून खालची कातडी बघायचा आग्रह धरावा. प्रामाणिक विकणारा अडवत नाही. घरी आणल्यावर तीन आठवडे वेगळ्या जागी बांधावं, ग्लँडर्ससाठी रक्त तपासून घ्यावं, आणि त्याचा ब्रश, खरारा, पंचे, पिछाडी स्वतंत्र ठेवावी. बाजारातून घोड्याबरोबर आलेली दोरी घरात घेऊ नये. जुने ब्रश टाकायचे नसतील तर साबणाने धुवून, खळखळून, मग जंतुनाशकात अर्धा तास बुडवून कडक उन्हात वाळवावेत. लाकडी पाठीचा ब्रश आतून लवकर वाळत नाही, म्हणून पायांसाठी प्लास्टिकचाच घ्यावा.